‘कामगार आणि त्याचा जोडीदार’ यापुढे आणखी एक शब्द हवा: आमच्या तीन खासदारांना खुलं पत्र

माननीय खासदार महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

आमचा बेळगाव जिल्हा लोकसभेसाठी तीन ठिकाणी वाटला गेला आहे. बेळगाव आणि चिक्कोडी हे दोन मतदारसंघ जिल्ह्यातले, आणि खानापूर-कित्तूरचा भाग उत्तर कन्नडला जोडलेला. माझं गाव बेळगाव तालुक्यात, आत्याचं घर खानापूर तालुक्यात, आईचं माहेर निपाणीकडे. म्हणजे आमच्या एका घराण्याचे तीन खासदार होतात. म्हणून हे पत्र तुम्हा तिघांनाही लिहितो आहे. निवृत्त कामगाराच्या सरकारी आरोग्य विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये, त्याच्या अपंग मुलालाही जागा मिळावी एवढं मागणं आहे. काम संसदेतलं आहे. ते ग्रामपंचायतीत होत नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडेही होत नाही.

माझं वय ३३. तेरा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, वळवाचा एक पाऊस पडून गेल्यावर मी घराची कौलं परतायला छपरावर चढलो होतो. मृगाच्या आधी हे काम आमच्याकडे दर वर्षी असतं. पाय वाशावर पडायचा तो कौलावर पडला. कौल फुटलं आणि मी अंगणातल्या दगडी डोणीच्या काठावर पाठीवर आदळलो. त्या दिवसापासून कमरेखालचं शरीर आहे, पण ते मला कळत नाही. तेव्हा मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो.

अशा शरीराला काय लागतं ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दिवसातून चार वेळा कॅथेटर घालून लघवी काढावी लागते. पाय आपोआप आखडतात, त्यासाठी गोळ्या. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची. बाराला आणि दोनला आप्पा उठतात, चारला आई. मला ढकलून कुशीवर केलं की आप्पा मोबाइलचा टॉर्च लावून माझी पाठ, माकडहाड, टाचा बघतात. कुठं लालसर डाग दिसला तर त्यावर बोट दाबून धरतात आणि सोडतात. दाबल्यावर पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर ठीक. लालच राहिलं तर जखम सुरू होणार. हे त्यांना तेरा वर्षांपूर्वी एका नर्सबाईंनी शिकवलं. आप्पा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डर आहेत, वाळूचे साचे करतात. बोटांच्या पेरांत काळी वाळू कायमची बसलेली. त्या खरखरीत बोटांचा दाब मला लागत नाही, म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, फक्त कातडीकडे बघतात.

या तेरा वर्षांत आमचं घर उभं राहिलं ते ईएसआयमुळे. हे मी आधी स्वच्छ सांगतो, कारण पुढं मी तक्रार करणार आहे आणि ती उपकार विसरून केलेली नाही. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. त्यात कामगाराच्या कुटुंबाची व्याख्या आहे. शिकणारं मूल २१ वर्षांपर्यंत कुटुंबात धरतात. पण त्याच व्याख्येत आणखी एक ओळ आहे: शारीरिक किंवा मानसिक दोषामुळे वा इजेमुळे जे मूल असमर्थ आहे आणि पूर्णपणे कामगाराच्या कमाईवर अवलंबून आहे, ते असमर्थता असेपर्यंत कुटुंबातच राहतं. वयाची अट नाही. माझा अपघात विसाव्या वर्षी झाला. एकविसावं लागल्यावर माझं नाव कार्डावरून निघणार असं आम्ही धरून चाललो होतो. दवाखान्यात औषधं देणाऱ्या एका गृहस्थांनी आप्पांना थांबवून सांगितलं, ‘सर्टिफिकेट काढा की ओ, मुलाचं नाव राहतंय.’ ते कन्नड बोलणारे. आप्पांना नीट कळलं नाही असं वाटून त्यांनी मोडक्या मराठीत तेच तीनदा सांगितलं. त्यांच्या त्या तीन वाक्यांवर आम्ही बारा वर्षं काढली.

२०२१ च्या श्रावणात मला हुडहुडी भरून ताप आला. लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. ईएसआयनं खासगी रुग्णालयात पाठवलं, अकरा दिवस ठेवलं. बिल परस्पर गेलं. घरी आल्यावर कागदात आकडा दिसला तेव्हा आई मटकन खाली बसली. १ लाख ४२ हजार. त्यातला रुपया आम्हाला भरावा लागला नाही. या विम्यात घरच्या माणसाच्या उपचाराला खर्चाची कमाल मर्यादा नाही, आणि भरती झालं तरच मिळेल असंही नाही. रोजच्या गोळ्या, तपासणी, डॉक्टरांना दाखवणं, सगळं त्यात येतं. माझ्यासारख्याला मोठं ऑपरेशन एखादंच, पण रोजचं औषध रोज लागतं. त्यामुळे माझ्या दृष्टीनं यापेक्षा चांगली योजना देशात कामगाराच्या मुलासाठी दुसरी नाही.

आता मुद्द्याचं. आप्पा येत्या ३१ मार्चला निवृत्त होतात.

ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीची वर्गणी भरलेली असेल तर तिचा लाभ जुलै ते डिसेंबर मिळतो. म्हणजे हिशेबानं ३१ डिसेंबरपर्यंत आमचं कार्ड चालेल. त्यानंतर निवृत्त कामगारासाठी वेगळी तरतूद आहे. किमान पाच वर्षं विम्यात असलेला कामगार वयोमानानुसार निवृत्त झाला तर महिन्याला १० रुपये, वर्षाचे १२० एकदम भरून त्याला वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. कुणासाठी? कामगार आणि त्याचा जोडीदार. वाक्य तिथं संपतं. १९४८ च्या कायद्यात ते असंच होतं, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तसंच उतरलं आहे. कुटुंबाच्या व्याख्येत ‘असमर्थता असेपर्यंत’ म्हणून मला धरणारा तोच कायदा निवृत्तीच्या ओळीत मला विसरतो.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी वाचण्यात चूक होते आहे असं वाटलं. आप्पांच्या कारखान्यातल्या कार्यालयात विचारलं, दवाखान्याच्या खिडकीवर विचारलं. कुणी उद्धट बोललं नाही. सगळ्यांनी तेच सांगितलं. खिडकीवरच्या बाई तर म्हणाल्या, ‘आईवडलांचं होतंय, तुमचं होत नाही. कायद्यातच नाही तर आम्ही कुठनं आणू?’ त्यांचं बरोबर आहे. कायद्यात नाही. कायदा तुम्ही करता.

आमच्याच गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. बेळगावला मराठा सेंटर आहे म्हटल्यावर अशी घरं आमच्या भागात गावोगाव सापडतील. त्यांची मुलगी माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आम्ही तिला अक्का म्हणतो. तिला जन्मापासून बौद्धिक अपंगत्व आहे. माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. त्यात मुलगा २५ वर्षांचा झाला, नोकरीला लागला किंवा त्याचं लग्न झालं की बाहेर पडतो. पण कायमचं अपंगत्व असलेल्या अवलंबून मुलाला वयाची अट नाही. बाप निवृत्त आहे म्हणूनच तर ही योजना आहे, आणि तरी मूल तिच्यात आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेतही अपंग मुलाला वयाची अट नाही. अक्काला फिटचा त्रास आहे. तिचं औषध दर महिन्याला येतं, सुभेदार मामा स्वतः जाऊन आणतात. मला त्याचा आनंदच आहे, हेवा नाही. मामांनी सीमेवर वीस-बावीस वर्षं काढली. पण आप्पांनीही ३१ वर्षं १,४०० अंशांचा वितळलेल्या धातूचा रस वाहिला आहे. त्यांच्या डाव्या पायावर त्या रसाच्या थेंबाचा डाग आहे. गल्ली एक, दोन्ही घरी एक-एक मूल कायमचं आईबापांवर. एका घरी कार्ड मुलाच्या अपंगत्वाइतकं टिकतं, दुसऱ्या घरी बापाच्या नोकरीइतकं. सरकारनं स्वतःच्या माणसांसाठी जे मान्य केलं आहे तेच कामगारासाठी मान्य करायला काय हरकत आहे, हे मला तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे.

त्याहून एक गोष्ट मला जास्त बोचते. याच कायद्यानुसार कामगार कारखान्यात अपघातानं गेला तर त्याच्या वारसांना लाभ मिळतो. त्या वारसांत पूर्ण अवलंबून असलेलं असमर्थ मूल आहे, वय कितीही असो, आणि असमर्थता असेपर्यंत त्याला पैसे मिळत राहतात. म्हणजे बाप कामावर असताना कायदा मला ओळखतो. बाप भट्टीपुढं गेला असता तर ओळखलं असतं. बाप सुखरूप म्हातारा झाला की ओळखत नाही. आप्पांना हे मी वाचून दाखवलं नाही. तेवढं एक मी त्यांच्यापासून लपवलं आहे.

‘दुसऱ्या योजना आहेत ना’ असं तुमच्या कार्यालयातून उत्तर येईल. मी एकेक करून सगळ्या बघितल्या.

आमच्या राज्यात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक आहे. बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलला (रेषेवरच्या कार्डाला) उपचाराच्या ठरलेल्या दराच्या ३० टक्के, तेही वर्षाला कुटुंबामागं दीड लाखापर्यंत. बीपीएलसाठी उत्पन्न वर्षाला १ लाख २० हजारांच्या आत लागतं. आप्पांचा पगार त्याच्या वर, म्हणून कार्ड एपीएल. निवृत्तीनंतर पेन्शन तीन हजारांच्या आत बसेल, तेव्हा आम्ही बीपीएलला अर्ज करू. मिळेल तेव्हा मिळेल. पण ही योजना ठरलेल्या शस्त्रक्रिया आणि भरतीच्या उपचारांची आहे. कॅथेटर, आखडीच्या गोळ्या, महिन्याची लघवी तपासणी तिच्यात बसत नाही. आजार बळावून भरती होईपर्यंत थांबायचं आणि मग योजनेत जायचं, असा त्याचा अर्थ होतो. माझ्या बाबतीत भरती होईपर्यंत थांबणं म्हणजे मूत्रपिंड घालवणं.

अपंगांसाठी असलेल्या केंद्राच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना मला फार आवडली. वर्षाला १ लाखाचं संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, बाह्यरुग्ण उपचारही त्यात आहेत, आणि वर्गणी गरिबाला परवडेल अशी. पण ती १९९९ च्या कायद्याखालच्या स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच आहे. अक्काला ती मिळू शकते. मणक्याची इजा तिच्यात नाही. ज्यांच्या घरी त्या चारांपैकी मूल आहे त्यांनी हे वाचून आजच चौकशी करावी. आमच्या भागात ही योजना माहीत असलेलं घर मला अजून भेटलेलं नाही.

खासगी विमा. एका कंपनीच्या एजंटनं फॉर्म भरून नेला, आठवड्यानं फोनवर ‘नाही जमत’ म्हणाला. लेखी कारण मागितलं तर फोन उचलणं बंद. मग मला कळलं की व्हीलचेअरवर असलेल्या, मणक्याला इजा झालेल्या एका अर्जदाराच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये अपंगांनाही आरोग्य विम्याचा हक्क आहे असं म्हटलं, आणि त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये विमा नियामक प्राधिकरणानं सगळ्या कंपन्यांना अपंगांसाठी पॉलिसी ठेवायला सांगितलं. ती पॉलिसी मी बघितली. ४ किंवा ५ लाखांची, मुख्यतः भरतीच्या खर्चाची, आणि आधीपासूनच्या अपंगत्वासाठी आधी थांबण्याचा काळ आहे. हप्ता आम्ही तीन हजारांच्या पेन्शनमधून भरायचा.

बहिणीला महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात दिलं आहे. ती म्हणते, ‘तुझं नाव आमच्याकडं लाव, महात्मा फुले आरोग्य योजनेत बसेल.’ भाऊ बहिणीच्या रेशन कार्डावर जात नाही, हे तिला समजावून सांगताना मला रडू आलं. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ही योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला होता आणि कर्नाटक सरकारनं त्याला हरकत घेतली. त्यावर माझं मत आहे, आमच्या घरात प्रत्येकाचं आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही. ईएसआयचा कायदा केंद्राचा आहे. उद्यमबागेतल्या मोल्डरला आणि कोल्हापूरच्या शिरोलीतल्या मोल्डरला तो एकच लागतो. कन्नड बोलणाऱ्या कामगाराच्या मुलाला आणि मला तो एकच लागतो. तिघांपैकी कुणालाही यात मतदार दुखावण्याची भीती नाही.

आणि अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा तर तुमच्याच संसदेनं केला आहे. त्याच्या २४ व्या कलमात लिहिलं आहे की जे अपंग ईएसआयमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्या सरकारी विमा योजनेत नाहीत त्यांच्यासाठी सर्वंकष विमा योजना असावी. ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असेही शब्द आहेत, ते मी लपवत नाही. पण त्या कलमाकडं बघून मी आठ वर्षं वाट बघतो आहे.

आता दोन गोष्टी पैशाच्या. त्या जरा लाजेच्या आहेत, पण सांगतो.

२०१७ च्या जानेवारीत ईएसआयसाठी पगाराची मर्यादा १५,००० वरून २१,००० झाली. दोन वर्षांपूर्वी आप्पांचा पगार २०,६०० झाला. मालकांनी दिवाळीच्या आधी बोलावून सांगितलं, ‘तुम्ही जुने माणूस, हजार रुपये वाढवतो.’ आप्पा म्हणाले, नको. मालकांना वाटलं कमी पडले. त्यांनी दीड हजार म्हटलं. आप्पा पुन्हा नको म्हणाले. शेवटी माझं नाव घ्यावं लागलं. मालक चांगले आहेत, त्यांनी पगार तिथंच ठेवला आणि जास्तीचं काम ओव्हरटाइममध्ये दिलं, कारण ओव्हरटाइम त्या मर्यादेत धरत नाहीत. आप्पांनी हे आम्हाला घरी सांगितलं नव्हतं. सोबतच्या कामगारानं गणपतीत आरतीला आल्यावर सांगितलं. आईनं नैवेद्याचं ताट तसंच हातात धरलेलं मला आठवतं.

दुसरी गोष्ट माझी. आमच्या गावच्या दूध सोसायटीचे हिशेब मी लिहितो. सकाळी फॅट लागली की आकडे मोबाइलवर येतात, मी खतावणी करतो, दहा दिवसांनी बिलं काढतो. सोसायटीनं महिन्याला चार हजार देऊ केले. आप्पा म्हणाले, आधी विचारून घे. विचारलं. कायद्यात ‘पूर्णपणे अवलंबून’ असे शब्द आहेत. चार हजार घेतले तर मी पूर्णपणे अवलंबून राहतो का, याची खात्री मला कुणी लिहून देईना. म्हणून सात वर्षं मी ते काम पैसे न घेता करतो. दिवाळीला कुंद्याचा डबा येतो, तो आम्ही गल्लीत वाटतो. सोसायटीत दहा कामगार नाहीत, त्यामुळे तिथं मला स्वतःचा ईएसआयही लागू होत नाही. ईसीएचएसमध्ये अवलंबून माणसाच्या उत्पन्नाला महिन्याला ९,००० अधिक महागाई भत्ता अशी स्पष्ट रेघ आहे. सुभेदारांच्या मुलीनं उद्या पापड लाटून दोन हजार मिळवले तर तिचं कार्ड जात नाही. अशी रेघ आमच्यासाठी आखली असती तर माझ्या सात वर्षांच्या कमाईतून घराला संडासाकडं जायला सिमेंटचा उतार तरी झाला असता.

परवडेल का, असा प्रश्न तुम्ही विचाराल. आप्पांच्या पगारातून महिन्याला १५५ रुपये कापतात, मालक ६७० भरतात. पावणे टक्का आणि सव्वातीन टक्के. २०१९ च्या जुलैआधी हे दर याहून जास्त होते. ३१ वर्षं न चुकता. निवृत्त कामगाराकडून १२० रुपये घेता. माझ्यासाठी वेगळे १२० घ्या, १,२०० घ्या. आम्हाला फुकट नको आहे. खोटी सर्टिफिकेटं येतील अशी शंका असेल तर अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, यूडीआयडी कार्ड, आहे, वैद्यकीय मंडळ आहे, दर पाच वर्षांनी तपासा. मी व्हीलचेअरवरून येईन, लिफ्ट बंद असली तर चार जण उचलून आणतील. आजवर तसंच आलो आहे.

बदल होत नाहीत असंही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये, पगार मर्यादेबाहेर गेल्यामुळे विम्यातून निघालेल्या कामगारांना निवृत्तीनंतर काही अटींवर पुन्हा लाभ देण्याचा निर्णय ईएसआय महामंडळानं घेतला. कुणीतरी तो विषय मांडला म्हणूनच झाला असणार.

म्हणून माझी मागणी अशी आहे. निवृत्त कामगार आणि त्याचा जोडीदार, यापुढे ‘आणि त्याचं असमर्थ अवलंबून अपत्य’ एवढे शब्द संहितेत यावेत, आणि आईवडील दोघंही गेल्यावर त्या अपत्याला स्वतःची वर्गणी भरून आत राहता यावं. ‘पूर्णपणे अवलंबून’ याला उत्पन्नाचा ठरलेला आकडा मिळावा. तुम्ही लोकसभेत नियम ३७७ खाली हे मांडू शकता. शून्य प्रहरात मांडू शकता. शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकांची वेळ असते, तिघांपैकी एकानं विधेयक आणलं आणि बाकी दोघांनी पाठिंबा दिला तर बेळगावच्या फौंड्रीतला कामगार तुमचा पक्ष विचारणार नाही. तुम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसत असाल, या एका गोष्टीसाठी मध्यंतरात एकत्र चहा घ्या.

हे पत्र उद्यमबागेतल्या, मच्छे-नावग्याच्या कारखान्यांतल्या कामगार संघटनांपर्यंत आणि मालकांपर्यंतही पोहोचावं. त्यांना वेगळी विनंती आहे. कामगाराचं मूल २१ चं होताना त्याला विचारा, मूल अपंग आहे का. असेल तर नाव काढू नका, सर्टिफिकेट लावा. कितीतरी घरांनी नाव निघालं म्हणून मुलाला गप्प घरी नेलं असेल. सगळ्यांनाच औषधाच्या खिडकीवर तसा गृहस्थ भेटत नाही.

हे पत्र लिहिणार म्हणून आप्पांना सांगितलं तेव्हा ते हात धूत होते. म्हणाले, ‘मोठी माणसं हायत, नीट लिही. मागायलास म्हणून आवाज चढवू नको.’ मग थोड्या वेळानं टॉवेल दोरीवर टाकत विचारलं, ‘डिसेंबरपर्यंत हुईल का?’ मी म्हटलं, संसदेचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरातच असतं. त्यांनी मान हलवली आणि बाराचा अलार्म लावायला मोबाइल घेतला.

उत्तर मराठीत पाठवा, कन्नडमध्ये पाठवा, हिंदीत पाठवा. मी आप्पांना वाचून दाखवीन.

आपला,
उद्यमबागेतल्या एका मोल्डरचा मुलगा
तालुका व जिल्हा बेळगाव